६४ पावलांचा कारभार

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये टाऊन हॉलांत कॉन्ट्रा डान्स रंगतो. दोन लांब रांगा, समोरासमोर माणसं, मंचावर फिडल-पियानो आणि माईकवर पुढची चाल पुकारणारा कॉलर. घाम नाचणाऱ्यांचा गळतो, पण संध्याकाळ जमते ती कॉलरने आधी लावून ठेवलेल्या कार्डांवर. एका कार्डावर एक नाच.

कार्डात चार खण: ए-१, ए-२, बी-१, बी-२. प्रत्येकी १६ ठोके, एकूण ६४. जेमतेम अर्ध्या मिनिटात फेरी पूर्ण! डेव्हिड केनर यांचा ‘बेबी रोझ’ बघा. आधी शेजाऱ्याबरोबर, म्हणजे चौघांतल्या दुसऱ्या जोडीतल्या माणसाबरोबर, बॅलन्स (पुढे-मागे झुलणारं पाऊल) आणि गिरकी. मग चौघांचा गोल डावीकडे पाऊण फिरतो आणि जोडीदाराभोवती डो-सी-डो, म्हणजे पाठीला पाठ ठेवून फेरी, होते. तिसऱ्या खणात गिरकी जोडीदाराबरोबर. शेवटी दोघी उजवा हात देत पलीकडे जातात, चौघांचे डावे हात मध्ये जुळतात, चक्र फिरतं आणि सुटतं ते थेट नव्या शेजाऱ्यासमोर. कुठे अडखळणं नाही, उलट वळणं नाही. नवखे जास्त असले की असंच कार्ड वर काढावं.

हुकूम मात्र आधी सुटायला हवा. चाल पहिल्या ठोक्यावर सुरू व्हायची, तर पुकारा मागच्या चालीच्या शेवटच्या दोन-चार ठोक्यांत. चार-पाच फेऱ्यांनी पाय सरावले की कॉलर शब्द कमी करत जातो आणि गप्प होतो. ही शांतता मला त्याच्या कामाची सगळ्यात मोठी पावती वाटते.

नाचाच्या सुरुवातीला वाजतात ‘चार बटाटे’! फिडलवाल्याच्या लय धरून देणाऱ्या खरडीला तिकडे हेच नाव आहे. धुनींचेही प्रकार असतात, जिग आणि रील: ‘कोरस जिग’ हा नाच नावापुरताच जिग, त्याची धून रील आहे. आणि ‘मनी मस्क’ नेहमीच्या ३२ ऐवजी २४ बारांचा (दोन ठोक्यांचा एक बार), म्हणून त्याला त्याचीच धून लागते. भलती धून लावली की सगळी रांग फसलीच.

क्रम लावणं हे खरं डोक्याचं काम. पहिला नाच सोपा. लागोपाठ दोन नाचांत तीच चाल नको, म्हणून बरेच जण तक्ता आखतात: आडवे नाच, उभ्या चाली, खणात खूण. ‘हे’ म्हणजे चौघांची एकमेकांना ओलांडत जाणारी नागमोडी चाल. नवख्यांना ती तासाभराने द्यावी, आधी नाही. अवघड नाच अशा वेळी, जेव्हा अंग सैलावलेलं असतं पण थकलेलं नसतं. मैफल भैरवीने संपते, तसा इथे शेवट वॉल्ट्झने. त्याआधीचा कॉन्ट्रा असा हवा की डोकं चालवावं लागू नये, नुसतं नाचावं. एवढं करूनही दारातून अचानक दहा नवखे आले, तर लावलेली कार्डं बाजूला ठेवून दुसरी काढायची तयारी लागतेच.

अनेक ठिकाणी आता ‘जेंट्स-लेडीज’ऐवजी ‘लार्क’ आणि ‘रॉबिन’ पुकारतात. डावीकडे लार्क, उजवीकडे रॉबिन, मग कोणीही कुठलीही जागा घ्यावी.

आणि एक रीत फार आवडते. नाचांच्या रचना कॉलर एकमेकांना मोकळ्या हाताने देतात, आणि माईकवर नाचाच्या नावाबरोबर रचणाऱ्याचंही नाव घेतात.