धावपट्टीची खरी लांबी

धुळ्याकडे ज्यांचे नातेसंबंध आहेत, अशा डिंडोलीतील कुटुंबांना गोंदूरची धावपट्टी अपरिचित नाही. शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने तेथे चढताना-उतरताना पाहून कोणासही वाटावे की, पट्टी एकदा बांधली म्हणजे तिची लांबी कायमची ठरली. विमानशास्त्र मात्र निराळे सांगते. पट्टी तीच राहिली, तरी विमानाला लागणारे अंतर प्रहराप्रहराला बदलत असते.

सेस्ना १७२ एस या चार आसनी विमानाचे उदाहरण घेऊ. समुद्रसपाटीवर, १५ अंश तापमानात, वारा नसताना, पूर्ण भारानिशी ते सुमारे २९० मीटर धावून जमीन सोडते. परंतु वाटेत १५ मीटर उंचीचे झाड असेल, तर ते ओलांडीपर्यंत सुमारे ५०० मीटर खर्ची पडतात. तेही वैमानिक पट्टीच्या अगदी टोकापासून निघाला आणि एंजिनाला पूर्ण जोर देऊन मगच त्याने ब्रेक सोडला तर! उतरतानाही तीच शिस्त. पंखांच्या झडपा पूर्ण खाली सोडाव्यात, वेग नेमका राखावा आणि ठरल्या जागी चाके टेकवावीत. वेग किंचित अधिक राहिला, तर विमान जमिनीलगत तरंगत राहते आणि पट्टी संपत जाते.

आता वैशाखातील दुपार पाहा. धुळे समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंचीवर आहे. पारा ४२ अंशांवर गेला की तेथील हवा इतकी विरळ होते की, विमानाच्या लेखी धुळे जणू १,३०० मीटरांवर, महाबळेश्वराच्या उंचीजवळ जाऊन बसते! पंखांची उचल घटते, एंजिनाचा दम कमी पडतो. वारा पाठीमागून असेल, तर दर २ नॉटला, म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटरला, अंतर १० टक्क्यांनी वाढते. समोरच्या वाऱ्याने तितकीच बचत व्हावयास मात्र ९ नॉट लागतात.

जमिनीचा नकार मानण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले. पुढे पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा विमानांचा मुक्काम पुण्यास येरवड्याजवळच्या मैदानावर हलविला जाई.

आपल्या सुरतेची धावपट्टी २,९०५ मीटरांची आहे. तथापि उंच इमारतींच्या अडथळ्यामुळे वेसूकडील बाजूने उतरण्याचा आरंभबिंदू ६१५ मीटर आत सरकवावा लागला. डांबर कोणी उचलून नेले नाही, तरी उतरणाऱ्या विमानापुरती पट्टी तेवढी आखूड झाली.

वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या मुलांना आम्ही एवढेच सांगू की, शेकडेवारीचा हिशेब येथे गुणांसाठी नसून प्राणांसाठी असतो. हिशेबाने 'आज नको' म्हटले, तर ओझे उतरवावे किंवा पहाटेच्या गारव्याची वाट पाहावी. धाडसाचा विचार त्यानंतर.