मोटारीच्या बॅटरीचे दोषनिदान

मोटारीचे इंजिन सुरू होत नसल्यास दोष बॅटरीत आहे की अन्यत्र, हे ठरविण्याच्या तपासणीस बॅटरीचे दोषनिदान म्हणतात. मोटारींत सामान्यतः १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. या प्रकारच्या बॅटरीचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये लावला.

किल्ली फिरवताच नुसता टकटक आवाज येऊन दिवे मंदावल्यास बॅटरी उतरलेली किंवा तिची जोडणी सैल असण्याचा संभव असतो. दिवे प्रखर राहूनही इंजिन फिरत नसल्यास स्टार्टर किंवा त्याच्या वायरिंगमध्ये दोष संभवतो.

प्रथम टर्मिनलांवर साचलेले क्षार व सैल जोडण्या तपासतात. नंतर काही तास बंद असलेल्या गाडीच्या बॅटरीचा विद्युतदाब मल्टिमीटरने मोजतात. सुमारे १२.६ व्होल्ट दाब पूर्ण भारित, तर १२ व्होल्टहून कमी दाब उतरलेली बॅटरी दर्शवितो. पूर्ण भारित बॅटरीचा दाब स्टार्टर फिरताना सुमारे ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास ती जीर्ण झाल्याचे समजतात. इंजिन चालू असताना दाब साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्टपर्यंत चढत नसल्यास दोष बहुधा अल्टरनेटरच्या बाजूस असतो. अशा वेळी बॅटरी बदलण्याचा खर्च व्यर्थ जातो, कारण नवी बॅटरीही उतरते.

भारित होताना बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. त्यामुळे तिच्याजवळ ठिणगी पडू न देणे आणि जोडण्या सोडविताना ऋण टर्मिनल प्रथम सोडविणे आवश्यक असते.