अंगठ्याकडून सहीकडे

हैदराबादच्या बेगम बाजारात घाऊक मालाच्या पेढ्यांवर मारवाडी, उर्दू, तेलुगू आणि मराठी या भाषा एकाच गल्लीत कानी पडतात. अक्षरओळख नसलेला हमालही तेथे तोंडी हिशेबावर निभावून नेतो. कोर्टकचेरीत मात्र तसे चालत नाही. असा एखादा निरक्षर मनुष्य, दोषी असो वा नसो, मुसीपलीकडच्या चंचलगुडा मध्यवर्ती कारागृहात जाऊन पडला, की त्याच्यापुढे कागद येऊ लागतात. वकालतनामा, जामिनाचा अर्ज, दोषारोपपत्र! आणि कागदात काय लिहिले आहे हे न कळताच तो अंगठा उठवितो.

तेलंगणाच्या तुरुंग खात्याने 'विद्यादानम्' या नावाने साक्षरतेचा उपक्रम चालविला, त्याचे महत्त्व येथे आहे. शिकलेल्या बंद्याने न शिकलेल्याला शिकवावे आणि अंगठा देऊन आत आलेल्याने सही करून बाहेर जावे, अशी ही योजना. पुढे शिकू इच्छिणाऱ्यांसाठी हैदराबादेतच 1982 साली स्थापन झालेले डॉ. आंबेडकर मुक्त विद्यापीठ आहे.

परंतु पदवीला वर्षे लागतात, आणि आपण किती दिवस आत राहणार हे बहुसंख्य बंद्यांना ठाऊकच नसते. 2022 च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार माणसे होती. त्यांपैकी सुमारे 4 लाख 34 हजार, म्हणजे चारांतले तीन, खटल्याचा निकाल न लागलेले कच्चे कैदी होते. तुरुंगातील विद्या म्हटले की मराठी माणसाला 1932 सालचा धुळ्याचा तुरुंग आठवतो. तेथे विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ती परंपरा थोर खरी. पण ते लिहून घेणारे हात आधीच लिहिते होते. कच्च्या कैद्याची गरज त्याहून साधी आणि अधिक निकडीची आहे.

जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 479 वे कलम पाहावे. पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने आरोपित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला असेल, तर न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले यांस ही सवलत नाही. अर्ज करण्याचे काम कारागृह अधीक्षकाचे आहे. तथापि आपल्यावर कोणते कलम लावले आहे व आपण कोणत्या तारखेस आत आलो, हे बंद्यास स्वतः वाचता आले तर विलंब झाल्यास तो विचारू तरी शकेल.

अडचण आणखी एक. वर्गात तो तेलुगू वा उर्दू अक्षरे गिरवितो आणि न्यायालयाचा कागद पुष्कळदा इंग्रजीत येतो. शिक्षक झालेला बंदीच जामिनावर सुटला, तर वर्गही मध्येच थांबतो. म्हणून पहिल्या आठवड्याचा धडा मुळाक्षरांचा नसावा. स्वतःचे नाव, कलमाचा आकडा आणि पुढची तारीख, एवढेच त्यात असावे. त्यांतील आकडे तर इंग्रजी कागदावरही ओळखता येतात.