वीस डब्यांचा फलाट

पोलंडमधल्या ट्रेब्लिंका या आडबाजूच्या स्टेशनात १९४२ साली फ्रांचिशेक झोंबेत्स्की नावाचा रेल्वे कर्मचारी वाहतुकीचं काम बघत होता. देश जर्मनांच्या ताब्यात, रेल्वेही त्यांच्याच ताब्यात. झोंबेत्स्की मात्र आतून पोलंडच्या भूमिगत सेनेचा माणूस. २३ जुलैला वॉर्साहून ज्यूंना घेऊन पहिली गाडी आली. मालगाडीचे बंद डबे आणि त्यांवर खडूनं लिहिलेले आकडे. आत किती माणसं कोंबली आहेत, त्याचे. झोंबेत्स्कीनं ते टिपायला सुरुवात केली आणि पुढे वर्षभर तो टिपतच राहिला.

मराठीत आपण अशा सगळ्या जागांना ‘छळछावणी’ म्हणून मोकळे होतो. ट्रेब्लिंकात त्या नावाला शोभेल अशी एक जागा होती. १९४१ मध्ये खडीच्या खाणीशेजारी कैद्यांची छावणी उघडली होती. धान्याची लेव्ही भरली नाही, कामावर गेला नाही, असल्या गुन्ह्यांवरून पोलिश शेतकरी तिथे खडी उपसायला यायचे, ज्यूही असायचे. सुमारे वीस हजार माणसं त्या खाणीतून गेली, त्यातली जवळपास निम्मी तिथेच मेली. भूक, मारझोड, टायफस, गोळी.

पण झोंबेत्स्की मोजत होता त्या गाड्या तिकडे जात नव्हत्या. खाणीपासून दोनेक किलोमीटरवर, पाइनच्या झाडीआड, चाळीस-बेचाळीस एकरांत दुसरं ट्रेब्लिंका उभं राहिलं होतं. त्याला छावणी म्हणणं मला पटत नाही. छावणी म्हटली की मुक्काम आला, हजेरी आली, भाकरीचा तुकडा आला. छळायचं तरी माणूस काही दिवस जिवंत लागतो. इथे गाडीतून उतरलेला माणूस बहुधा दोन तासांत मेलेला असे. ते रेल्वेचं शेवटचं स्थानक होतं, एवढंच.

आणि त्याचा सगळा हिशेबही रेल्वेचाच. आतल्या फलाटाला एका वेळी वीसच डबे लागत. साठ डब्यांची गाडी आली की तिचे तीन तुकडे करायचे. पहिले वीस डबे इंजिनानं मागून ढकलत आत न्यायचे, ते रिकामे झाले की पुढचे वीस. उरलेले डबे तोवर झोंबेत्स्कीच्या स्टेशनात उभे. ऑगस्टचं ऊन, बंद दारं, आतून पाण्यासाठी चाललेला आकांत. शंटिंग हा शब्द आपण किती सहज वापरतो!

प्रवासाचं भाडंही आकारलं जाई. जर्मन रेल्वेचा दर तिसऱ्या वर्गाचा: किलोमीटरला चार फेनिग, दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. चारशेच्या वर माणसं असली तर ‘ग्रुप’ची सवलत. माणसांचं भाडं एकेरी, पहारेकऱ्यांचं मात्र जाऊन-येऊन. वेळापत्रकात परतीची गाडी रिकामी दाखवलेली असे. ही वेळापत्रकं करणारे कारकून कुणाच्या अंगावर हात टाकणारे नव्हते. मला या सगळ्यात सर्वांत जास्त भीती त्यांचीच वाटते.

पहिला प्रमुख इर्मफ्रीड एबर्ल, पेशानं डॉक्टर. जर्मनीत मनोरुग्ण आणि अपंगांना मारण्याच्या कामात तयार झालेला. त्यानं झेपणार नाहीत इतक्या गाड्या घेतल्या. प्रेतं उघड्यावर पडून राहू लागली. महिनाभरातच त्याला काढलं, ते क्रौर्यासाठी नव्हे, गलथानपणासाठी. त्याच्या जागी आलेला फ्रांत्स श्टांगल हा ऑस्ट्रियन पोलीस. त्यानं शिस्त आणली. विषारी धुराच्या तीन खोल्या होत्या, नव्या इमारतीत आणखी दहा बांधल्या. धूर मोठ्या इंजिनाचा. फलाटाजवळच्या इमारतीला त्यानं खऱ्या स्टेशनचं रूप दिलं: तिकीटखिडकी, गाड्यांच्या पाट्या आणि एक रंगवलेलं घड्याळ. त्यात कायम सहा वाजलेले. उतरणाऱ्यांना वाटावं, इथे आंघोळ करून पुढे जायचं आहे. तीसेक जर्मन आणि शंभराच्या आसपास परके पहारेकरी. एवढ्या कमी माणसांत हे चाललं ते या नाटकाच्या जोरावर.

नाटकावरून आठवलं. १८ जुलै १९४२ ला वॉर्सातल्या ज्यूंच्या कोंडवाड्यात, म्हणजे घेटोत, यानुश कोरचाक या डॉक्टर-लेखकाच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ केलं होतं. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणारा आजारी अमल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती सुमारे दोनशे मुलं, कोरचाक आणि त्यांच्या सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का यांना ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढवलं गेलं.

१९४२ च्या अखेरपर्यंत ट्रेब्लिंकात आणलेल्यांचा आकडा खुद्द जर्मनांच्या एका तारेत आहे: ७,१३,५५५. ती तार ब्रिटिशांनी तेव्हाच पकडली होती. तिचा अर्थ लागायला २००० साल उजाडलं. एकूण बळी इतिहासकारांच्या मते आठ ते नऊ लाख. झोंबेत्स्कीची बेरीज बारा लाखांची होती.

आत काही शे ज्यू कैदी कामापुरते जिवंत ठेवले होते: कपडे निवडायला, केस कापायला, प्रेतं ओढायला. १९४३ मध्ये पुरलेली प्रेतं उकरून रुळांच्या जाळीवर जाळायला लावली, तेव्हा आपली पाळी जवळ आल्याचं त्यांनी ओळखलं. शस्त्रकोठाराची नकली किल्ली बनली. २ ऑगस्टला उठाव झाला, इमारती पेटल्या, दोनेकशे जण निसटले. युद्धाअखेर त्यातले सत्तरच्या आसपास उरले. यांकेल विएर्निक हा त्यांतला एक सुतार. त्यानं लिहिलेली हकिगत १९४४ मध्ये, पोलंड अजून ताब्यात असतानाच, चोरून छापली गेली.

वर्षअखेर सगळं पाडून जमीन नांगरली, ल्युपिन पेरलं आणि एका पहारेकऱ्याला शेतकरी म्हणून बसवलं.

श्टांगल १९६७ मध्ये ब्राझीलमध्ये सापडला. डुसेलडॉर्फला खटला चालला, झोंबेत्स्कीनंही साक्ष दिली. १९७० च्या डिसेंबरात जन्मठेप झाली, पुढच्या जूनमध्ये तो तुरुंगात मेला. त्याच्या हाताखालचा कुर्ट फ्रांत्स मात्र १९९३ मध्ये सुटला. त्यानं ट्रेब्लिंकातल्या फोटोंचा अल्बम जपून ठेवला होता. वर नाव लिहिलेलं: ‘सुंदर दिवस’.

आज तिथे सुमारे सतरा हजार दगड उभे आहेत. फलाटाच्या जागेपर्यंत काँक्रीटचे स्लीपर टाकलेत, त्यांवर रूळ नाहीत. काही दगडांवर गावांची नावं आहेत. माणसाचं नाव असलेला दगड एकच, ‘यानुश कोरचाक आणि मुलं’.