जपानीत नम्रपणे ‘नका’ कसं म्हणायचं?

कार्ले-भाजे लेणी बघायला उद्या एखादा जपानी पाहुणा आला, तर ‘भिंतीवर लिहू नका’ हे त्याला न दुखावता कसं सांगाल? चला, शिकूया.

आधी एक सोपी गोष्ट. हिंदीत ‘मत लिखो’, इंग्रजीत ‘डोन्ट राइट’, म्हणजे नकार आधी येतो. मराठीत ‘लिहू नका’, नकार क्रियापदाच्या मागून. जपानीतही अगदी तस्संच! म्हणून आपल्याला हे जड जात नाही.

साचा : क्रियापदाचं ‘नाइ’ रूप + दे + कुदासाइ. ‘कुदासाइ’ म्हणजे ‘कृपया’, फक्त तो शेवटी येतो.

‘नाइ’ रूप कसं करायचं? बाराखडी आठवा.

१) शेवटच्या उकाराचा आकार करा : काकु (लिहिणे) – काकानाइ. शेवटी नुसता ‘उ’ असेल तर ‘वा’ : सुउ (सिगारेट ओढणे) – सुवानाइ.
२) शेवटी ‘एरु’ किंवा ‘इरु’ असेल तर बहुधा नुसता ‘रु’ काढा : सुतेरु (टाकणे) – सुतेनाइ, आगेरु (देणे) – आगेनाइ. अपवाद : हाइरु (आत शिरणे) – हाइरानाइ.
३) ही दोन पाठच करा : सुरु (करणे) – शिनाइ, कुरु (येणे) – कोनाइ.

आता वाक्यं :

लेण्यात – काबे नि काकानाइदे कुदासाइ. (भिंतीवर लिहू नका.)
लोहगडावर – गोमि ओ सुतेनाइदे कुदासाइ. (कचरा टाकू नका.)
खंडाळ्याला – सारु नि ताबेमोनो ओ आगेनाइदे कुदासाइ. (माकडांना खायला देऊ नका.)

आपल्याकडं ‘नको’, ‘नका’, ‘नये’ अशा पायऱ्या आहेत ना? तिकडंही आहेत. मित्राला नुसतं ‘काकानाइदे’ चालतं. वडीलधाऱ्यांना ‘काकानाइदे इतादाकेमासेन का’, म्हणजे ‘लिहिलं नाहीत तर बरं होईल’ अशा सुरात. आणि मूळ क्रियापदाला ‘ना’ लावलं की दरडावणी होते : ‘काकु ना!’

मग ही दरडावणी कशाला शिकायची? ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढत असताना कुणी आत शिरत असेल, तर तिथं लांबलचक विनंती कामाची नाही. ‘आबुनाइ! हाइरु ना!’ (धोका आहे! आत जाऊ नको!) असं ओरडायचं. अशा वेळी समोरचा मोठा आहे की लहान, हे बघायचं नसतं.

बघा हं, ‘आबुनाइ’ मधलं ‘नाइ’ नकाराचं नाही. तो अख्खा शब्दच ‘धोकादायक’ या अर्थाचा आहे.

सराव : ‘इथे सिगारेट ओढू नका’ हे जपानीत करा. (इथे – कोको दे, सिगारेट – ताबाको)

उत्तर : कोको दे ताबाको ओ सुवानाइदे कुदासाइ.