दहा तोळ्यांवरून दीड माशावर

1902 साली कोलकात्यात गौहर जानचं गाणं मुद्रित झालं, तेव्हाच्या ग्रामोफोनची पोलादी सुई तबकडीवर शंभर ग्रॅमहून अधिक भाराने टेकायची, म्हणजे दहा तोळ्यांच्या आसपास. तो भार मोजायची गरज कुणाला वाटत नव्हती. अ‍ॅम्प्लिफायर नव्हता, कर्ण्यातून बाहेर पडणारा सगळा आवाज सुईने खाचेतून ओढून काढलेल्या ताकदीवर चालायचा. भार फार कमी केला, तर सुई खाचेतून उडायची. लाखेच्या तबकडीत तर मुद्दाम दगडाची पूड घातलेली असे. पहिल्या काही फेऱ्यांतच सुई घासून खाचेच्या आकाराची व्हावी, ही त्यामागची योजना. म्हणून दर बाजूला नवी सुई, आणि म्हणूनच सुयांच्या त्या पत्र्याच्या डब्या.

1925 नंतर विजेचं ध्वनिमुद्रण आलं, पाठोपाठ विजेवरचे पिकअप आले. आवाज मोठा करायचं काम अ‍ॅम्प्लिफायरकडे गेलं आणि सुईवरचा भार उतरू लागला. मोजमाप मात्र ढोबळच राहिलं.

खरी कलाटणी जून 1948ची. अमेरिकेत कोलंबियाने 33⅓ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड आणली. लाखेच्या जागी विनाइल आलं, खाच बारीक झाली, सुईचं टोक तिपटीने लहान झालं आणि भार सहा-सात ग्रॅमवर आला. दहा वर्षांत स्टिरिओ आला. खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरलेले असल्याने सुईला आडवं हलता हलता वर-खालीही हलावं लागू लागलं. भार आणखी उतरला. सहा ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमची चूक खपून जात होती. एका ग्रॅममध्ये तीच चूक निम्म्याची ठरते. सराफाच्या हिशेबात एक मासा म्हणजे जेमतेम एक ग्रॅम, आणि एक गुंज म्हणजे साधारण 0.12 ग्रॅम. रेकॉर्डवेड्यांचं काम आता गुंजेवर आलं होतं.

आपल्याकडच्या पोर्टेबल प्लेयरवर याच काळात वेगळाच उपाय चालायचा. पिन अडकली की आर्मच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं! त्या पंचवीस पैशांचं वजन अडीच ग्रॅम. गाणं पुढे सरकायचं खरं, पण खाचेतली धूळ किंवा झिजलेली पिन तशीच राहायची आणि झीज मात्र वाढायची.

1964 साली अमेरिकेच्या श्युअर कंपनीचं व्ही-15 कार्ट्रिज, म्हणजे आर्मच्या टोकाचा सुई धरणारा भाग, आलं आणि एका ग्रॅमच्या आसपासचा भार ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. हलकं तेवढं उत्तम, असा समज तेव्हा रुजला आणि आजही तो पुरता गेलेला नाही. तो चुकीचा आहे. भार अपुरा असला तर जोरकस स्वरांवर सुईचा खाचेच्या भिंतीशी संपर्क तुटतो. ती उसळते आणि परत आदळते. सुईचं हिऱ्याचं टोक त्या आदळण्यात विनाइलचे टवके काढतं. कंपनीच्या शिफारशीतल्या वरच्या मर्यादेजवळचा भार इतकं नुकसान करत नाही. जपानमध्ये रेडिओ प्रसारणासाठी घडवलेल्या डेनॉनच्या डीएल-103चा ठरलेला भार अडीच ग्रॅम, तीन दशांश इकडे-तिकडे. तरीही हे कार्ट्रिज अर्धशतकाहून अधिक काळ टिकून आहे.

मोजण्याचं जुनं, भरवशाचं साधन म्हणजे श्युअरचा छोटा तराजू. एका टोकाला सुई टेकवायची, दुसऱ्या बाजूचं वजन दांडीवर सरकवायचं आणि दांडी समतोल झाली की आकडा वाचायचा. अचूकता एक दशांश ग्रॅम, म्हणजे गुंजेहून थोडी कमीच. बॅटरी नाही, बिघडण्यासारखं काही नाही. आर्मच्या मागच्या वजनावरचे आकडेही उपयोगी, पण आधी आर्म हवेत अगदी आडवा तरंगला पाहिजे. तिथे चुकलं की पुढचा प्रत्येक आकडा तेवढाच चुकतो.

मग ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारे स्वस्त डिजिटल काटे आले आणि चुकांचं ठिकाण बदललं. काट्याचा मंच रेकॉर्डपेक्षा उंच असला तर आर्म वर उचलला जातो आणि अनेक आर्मवर आकडा बदलतो. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचं जबर चुंबक काट्यातल्या पोलादाकडे ओढलं जातं, आणि मग काटा भाराबरोबर ती ओढही मोजतो. म्हणून चांगल्या काट्यांचा मंच चुंबकाला न लागणाऱ्या धातूचा असतो आणि तो रेकॉर्डच्याच उंचीवर येतो. सोबतचं पाच ग्रॅमचं वजन ठेवून काटा आधी तपासून घ्यावा.

2018 साली श्युअरने कार्ट्रिजचं उत्पादन थांबवलं. दोनच वर्षांनी अमेरिकेत विनाइलच्या विक्रीची रक्कम सीडीपेक्षा जास्त भरली. 1986 नंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. नव्याने रेकॉर्ड घेणाऱ्यांनी काट्यानंतर एकदा कानानेही तपासावं. बाजूचं शेवटचं गाणं लावावं, कारण आतल्या खाचा सुईला सगळ्यांत अवघड जातात. तिथे ‘स’ आणि ‘श’ फाटत असतील, सुई स्वच्छ आणि नीट बसवलेली असेल, तर कंपनीने दिलेल्या मर्यादेत राहून एक दशांश ग्रॅम वाढवावा आणि तेच गाणं पुन्हा ऐकावं.