मूस

मागच्या पावसाळ्यात नातवाला घेऊन चिखलदऱ्याला गेलो होतो. गाविलगडावर तोफेपाशी बसून त्याला विजापूरच्या मलिक-ए-मैदानची गोष्ट सांगत होतो. तांबं आणि कथील मिसळून १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ती प्रचंड तोफ. पोराने मध्येच विचारलं, "नाना, तांबं वितळतं, मग त्याचं भांडं कसं वितळत नाही?"

या भांड्याला मूस म्हणतात. 'एकाच मुशीतून घडलेले' असं आपण सर्रास लिहितो, मीही लिहिलं आहे. खरं तर मुशीत काही घडत नाही. तिथे फक्त वितळतं. घडतं ते साच्यात.

तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, पितळ त्याच्या थोडं आधी. चांगली पांढरी चिनी माती सतराशे अंशांच्या पुढेही तग धरते. आमची वऱ्हाडातली काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण मुशीला कुचकामी. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्यातलं लोह नि चुना तिला भट्टीत लवकर विरघळवतात. जुने कारागीर चांगल्या मातीत भाताचं तूस मळत. तूस जळून बारीक पोकळ्या राहतात, त्यामुळे मूस तापताना सहसा तडकत नाही. रसशास्त्राच्या ग्रंथांत तर वांग्याच्या आकाराची मूसही सांगितली आहे. पुढे मातीत ग्रॅफाइट आलं. ते उष्णता झटकन आत पोचवतं आणि वितळलेला धातू त्याला चिकटत नाही. शिसपेन्सिलीतही हेच दोन पदार्थ असतात, माती आणि ग्रॅफाइट. म्हणजे कवी आणि ओतारी एका घरचेच!

माझे अब्बा परतवाड्याला पितळेची मोड वितळवून बैलांच्या घाट्या ओतायचे. मुशीचा खरा वैरी आग नव्हे, ओल. पावसाळ्यात मुरलेली ओल एकदम वाफ होते आणि मूस फुटते. म्हणून आदल्या रात्री मूस चुलीच्या उबेला ठेवायची. ते काम माझं होतं. पोळ्याच्या चार दिवस आधी मी कविता लिहीत बसलो आणि विसरलो. सकाळी अब्बांनी विचारलं, "ठेवली होती ना?" मी मान हलवली.

भर भट्टीत मूस तडकली. पितळ निखाऱ्यांवर सांडलं, एक उडालेला थेंब अब्बांच्या पावलात शिरला. त्या पोळ्याला आमच्या दुकानातून एकही घाटी गेली नाही.

अब्बा मला काही बोलले नाहीत. पण त्यानंतर मूस ते स्वतःच उबेला ठेवायचे आणि सकाळी बोटाने वाजवून पाहायचे. खणखणीत वाजली तर भट्टीत, बद्द वाजली तर बाजूला.

नातवाला मी मातीचं सगळं समजावलं. पावलाचं नाही सांगितलं.